एबेर्तोच्या वाटणीची खरवड

निकोलासाच्या हातचा वालेन्सियाना भात खाल्ला नाही, असा माणूस कोरिंतोच्या त्या खाडीकाठच्या वस्तीत दिवा घेऊन शोधला असता तरी सापडला नसता. वाढदिवस असो, बाप्तिस्मा असो, नाहीतर मेलेल्या माणसाच्या वर्षाची प्रार्थना असो, भात निकोलासाचाच. तिचं ॲल्युमिनियमचं पातेलं एवढं थोरलं, की एबेर्तो तान्हा असताना त्याला त्यातच बसवून आंघोळ घालायची, असं ती हसत हसत सांगायची. ऐकणारा हातातल्या ताटाकडे क्षणभर बघत राहायचा आणि मग मुकाट्याने खायला लागायचा. चवच तशी होती, काय करणार?

सुखाचा भात आणि दुःखाचा भात तिच्याकडे एकच. कोंबडी उकडून तिचं मांस हाताने सोडवायची, शेंद्रीचा रंग, बटर, कांदा, गाजर, हॅम, सॉसेजच्या चकत्या, डब्यातले वाटाणे, वरून टोमॅटो केचप. फरक फक्त शेवटी. वाढदिवस असला की लाल ढोबळी मिरच्या निखाऱ्यावर भाजायच्या, सोलायच्या आणि त्यांचे लांब काप भातावर फुलासारखे मांडायचे. प्रार्थनेच्या भातावर काही नाही. हा नियम तिचा तिनेच केलेला, पण वस्तीच्या तो इतका अंगवळणी पडला होता, की माणसं दारातून आधी पातेल्यात डोकावत आणि मगच ठरवत, हसत आत जायचं की टोपी काढून.

एबेर्तो तिचा एकुलता एक मुलगा. चार वर्षांमागे दोघा जोडीदारांबरोबर होडी घेऊन मासेमारीला गेला, तो गेलाच. होडी सापडली नाही, माणसं सापडली नाहीत. बर्फाच्या पेटीचं झाकण तेवढं किनाऱ्याला लागलं. त्या दोघांच्या घरच्यांनी वर्षभर वाट पाहिली, मग प्रार्थना घातल्या. भात निकोलासानेच केला, मिरचीशिवायचा. स्वतःच्या पोराचं मात्र ती नाव काढू देईना. पलीकडच्या गावातला एक जण महिनोन्महिने वाहत जाऊन परत आलाच होता की नाही? मग?

तेव्हापासून दर जानेवारीत, एबेर्तोच्या वाढदिवसाला, ती पातेलं चढवायची. सगळी वस्ती यायची. गाणं म्हणायची, टाळ्या वाजवायची. पहिलं ताट एबेर्तोचं, काठोकाठ भरलेलं. ते त्याच्या खुर्चीवर बसून त्याची लेक सुयेन खायची, बापाच्या वतीने. आणि पातेल्याच्या बुडाची खरवड, जिच्यासाठी एबेर्तो लहानपणी जीव टाकायचा, ती निकोलासा बशीत काढून झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी ती कोंबड्यांपुढे जायची, पण त्याबद्दल कोणी बोलायचं नाही. वस्ती मायेची होती. मायेची माणसं कधीकधी फार नुकसान करतात, हे त्यांच्या गावी नव्हतं.

त्या जानेवारीत यादिरा आली. एबेर्तोची बायको. तो गेल्यावर वर्षाच्या आत ती स्पेनला गेली, तिकडे वालेन्सिया शहरात एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायला. जाताना सुयेन साडेतीन वर्षांची होती. आता सात पुरी झालेली. विमानतळावर पोरीने तिच्याकडे बघून म्हटलं, "यादिरा आली." मग निकोलासाचा हात घट्ट धरून म्हणाली, "चल ना आई, घरी." यादिरा घरी येऊन न्हाणीत बराच वेळ पाणी सोडून बसली.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दुपारी दोघी सासू-सुना अंगणात बदामाच्या झाडाखाली उकडलेल्या कोंबड्यांचं मांस सोडवत बसल्या होत्या.

"तिकडे एकदा केला होता मी आपला भात," यादिरा म्हणाली. "म्हातारीच्या मुलांसाठी. म्हटलं, यांच्याच गावाचं नाव आहे त्याला, खूश होतील."

"मग?"

"थोरल्याने घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, चांगला आहे गं, पण याला आमच्या गावाचं नाव तेवढं देऊ नकोस."

निकोलासाच्या अंगाचा तिळपापड झाला. "अरे वा रे वा! त्यांच्या गावाचं नाव! माझ्या आजीची आजी हाच भात करत होती. ते काय घालतात म्हणे असं सोन्याचं?"

"ससा. चपट्या शेंगा. केशर. ही अशी रुंद, उथळ कढई, आणि भात बोटभर जाडीचा. एकदा तांदूळ पसरला की ढवळायचा नाही."

"ढवळायचा नाही? मग बाया करतात काय, हात जोडून बसतात?"

"बाया नाही, रविवारी पुरुष करतात."

"तरीच!" निकोलासा म्हणाली, आणि दोघी हसल्या. कितीतरी वर्षांनी एकत्र हसल्या. हसता हसता यादिराने हातातलं कोंबडीचं हाड खाली ठेवलं.

"एक गोष्ट मात्र आपल्यासारखीच आहे, आई. बुडाची खरवड. त्यावरून तिकडेही भांडतात. मोठमोठी माणसं, चष्मेवाली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला एबेर्तो आठवला आणि मी ताट घेऊन स्वयंपाकघरात पळाले." तिने हात झग्याला पुसले. "आई, उद्याचा भात मिरचीशिवाय करा."

निकोलासाचे हात थांबले.

"मला सुयेनला न्यायचंय. ती मला यादिरा म्हणते. आणखी दोन वर्षांनी बाईसाहेब म्हणेल. तिला देशाबाहेर न्यायचं तर एबेर्तोची परवानगी लागते, नाहीतर एबेर्तो गेला असं कोर्टात ठरायला लागतं. दोन्हींपैकी एक. तुम्ही आई आहात, तुम्ही सांगितलंत तर होईल."

"म्हणजे माझ्या तोंडाने माझं पोर मारू?"

"तो मेलाय, आई."

"तू पाहिलंस?"

"तुम्ही त्याला जिवंत पाहिलंत?"

निकोलासा ताडकन उठली. मांडीवरचं मांस खाली मातीत पडलं, कोंबड्या धावल्या. "एका झटक्यात दोघांना नेतेस होय गं? त्यालाही आणि तिलाही? मग मी इथे काय, पातेल्याशी बोलत बसू?"

यादिरा खाली वाकून मातीतलं मांस वेचायला लागली.

नेमका त्याच वेळी कुंपणापाशी लिसान्द्रो उभा होता. कोर्टात कारकून, वस्तीतलाच, एबेर्तोबरोबर शाळेत बसलेला. आला होता उद्या किती खुर्च्या हव्यात ते विचारायला, आणि सगळं ऐकून चुकला होता.

"काकू," तो चाचरत म्हणाला, "यादिरा कोर्टात येऊन गेली. साहेबांनी मला विचारलं, तू त्याच वस्तीतला ना, लोक काय म्हणतात? गेला की आहे? मी काय सांगणार? गेल्या वर्षी त्याच्या वाढदिवसाला मी दोन ताटं भात खाल्लाय. गाणं म्हटलंय. मेणबत्ती मीच फुंकली."

"मग खरं तेच सांगितलंस," निकोलासा म्हणाली. "खुर्च्या तीस आण."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून उत्तरेचा वारा सुटला होता आणि चूल काही धड पेटेना. निकोलासाने पत्रे आडवे लावले, पातेलं चढवलं. सुनेशी अबोला. यादिरा न सांगता कांदे चिरत होती, न सांगता पाणी आणत होती. दुपारपर्यंत भाताला रंग चढला. निकोलासाने मोठा लाकडी डाव दोन्ही हातांनी फिरवला, मिरच्या भाजल्या, सोलल्या, लांब काप करून वाडग्यात ठेवले. तिचं ठरलं होतं. फूल मांडायचं. देवाच्या बापाने सांगितलं तरी मांडायचं.

पावाच्या स्लाइस घरात ठेवल्या होत्या, त्या आणायला ती मागच्या दाराने गेली. झाडापलीकडे सुयेन आणि यादिरा बोलत होत्या. यादिरा पोरीची वेणी घालत होती. निकोलासा दाराशी थबकली ती चोरून ऐकायला नाही. पोरीने पहिल्यांदाच आपल्या आईला वेणी घालू दिली होती, ते बघून थबकली.

"यादिरा, तू आज माझ्याजवळ बसशील?" सुयेन विचारत होती. "बाबांचं ताट खाताना?"

"बसेन की. का गं?"

"थोडं तू खाशील? गुपचूप?"

"तुला आवडत नाही भात?"

"आवडतो. पण बाबांचं ताट फार मोठं असतं." मग पोर हळू आवाजात म्हणाली, "एक शीत पण टाकायचं नाही. टाकलं तर बाबा तिकडे समुद्रात उपाशी राहतात. आई म्हणते."

"मग सगळं खातेस?"

"हो. मग इथे मागे येऊन ओकते. झाडामागे. ओकल्यावर पण बाबांना मिळतं का गं? मी आईला विचारलं नाही. ती रडेल."

यादिराचा हात वेणीत तसाच राहिला. निकोलासाचा दाराच्या चौकटीवर.

तिच्या डोळ्यांपुढे एकामागून एक ते वाढदिवस उभे राहिले. "खा गं माझी बाय, अजून एक घास, बाबांचा घास," असं म्हणत आपणच डाव भरभरून वाढत होतो. पोर गाल फुगवून गिळत होती, आणि आपण डोळे पुसत म्हणत होतो, बघा, कशी बापासारखी खाते! मेलेल्या माणसाला आपण या एवढ्याशा तोंडातून जेवू घालत होतो. मेलेल्या. शब्द तिच्या मनात आपोआप आला आणि आला तसा बसला. चार वर्षं ज्याला दाराबाहेर उभं केलं होतं, तो आत येऊन बसला. ती तिथेच उंबऱ्यावर टेकली, पावाची पिशवी पोटाशी धरून.

बऱ्याच वेळाने उठली. पुढच्या अंगणात गेली.

माणसं जमायला लागली होती. कुणी केक आणला होता, कुणी फुगे. चेपिता आली होती. ती निकोलासाच्या वयाची, वस्तीतल्या सगळ्या प्रार्थना म्हणणारी, जपमाळ कायम गळ्यात. पण आज पाहुणी म्हणून आलेली, नवा रंगीत झगा घालून. लिसान्द्रो खुर्च्या मांडत होता आणि निकोलासाची नजर चुकवत होता.

"काय गं निको, वास तर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत येतोय," चेपिता म्हणाली. "पण फूल कुठाय? हात चालेनासे झाले का म्हातारीचे?"

निकोलासाने मिरचीचा वाडगा उचलला. सगळे बघायला लागले. लहान पोरांना ते मांडणं बघायला आवडायचं, ती पातेल्याभोवती गोळा झाली. निकोलासा वाडगा घेऊन कुंपणापाशी गेली आणि सगळे लाल काप कोंबड्यांपुढे पालथे केले.

एका फुग्यावर वारा घासत होता, तेवढाच आवाज.

"चेपिता," निकोलासा म्हणाली, "जपमाळ काढ."

"अगं पण निको..."

"काढ म्हणते ना. आणि तो झगा काय, चालेल. त्याला रंगीतच आवडायचं."

'आवडायचं' म्हणाली ती. चेपिताने ते ऐकलं आणि तिचा चेहरा पडला. तिने गळ्यातली माळ काढली. लिसान्द्रोने टोपी काढली. कुणीतरी केकवर फडकं टाकलं, कुणी फुगे सोडून घराच्या मागे नेले. यादिरा घरामागून आली, समोरचं पाहिलं आणि जिथे होती तिथेच गुडघ्यांवर बसली. सुयेन तिच्या शेजारी.

प्रार्थना सुरू झाली. चेपिताला हजार वेळा म्हटलेले शब्द त्या दिवशी आठवेनात, दोनदा अडखळली. मग ज्याच्यासाठी प्रार्थना त्याचं नाव घ्यायची जागा आली आणि ती गप्प झाली. तिने निकोलासाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. घरचा माणूस नाव सांगतो, अशी रीत.

निकोलासाने घसा खाकरला.

"एबेर्तो," ती म्हणाली. "एबेर्तो अंतोनियो. माझा मुलगा."

यादिराला हुंदका फुटला. मग बायकांना आवरेना, मग पुरुषांनाही. चार वर्षांचं साठलेलं होतं, सगळ्यांचंच. तो त्यांचाही मित्र होता, भाऊ होता, उधारीवर मासे देणारा होता. गाणी म्हणून म्हणून त्यांनी ते गिळून टाकलं होतं. एकटी निकोलासा रडली नाही. ती डाव हातात घेऊन पातेल्याशी उभी राहिली. प्रार्थना संपली की माणसं जेवतात, आणि वाढायचं काम तिचं.

सुयेन सवयीने पुढे आली. दोन्ही हात पुढे केले, बापाचं ताट घ्यायला. चेहरा असा घट्ट केलेला, एखाद्याने कडू औषध घ्यायला यावं तसा.

निकोलासाने मोठं ताट बाजूला सारलं. एक लहान बशी घेतली, त्यात दोन चमचे भात, पावाची अर्धी स्लाइस.

"हे कुणाचं?" पोरीने विचारलं.

"तुझं."

"आणि बाबांचं?"

"बाबा जेवले, सोन्या. बाबांचं पोट भरलंय आता. तू तुझं खा. टाकलंस तरी चालेल."

पोरीने एकदा तिच्याकडे, एकदा बशीकडे पाहिलं. मग जाऊन यादिराजवळ बसली आणि खायला लागली. भराभर नाही, गोळे करून नाही, वाटाणे वेगळे काढत. एबेर्तोही वाटाणे वेगळे काढायचा. निकोलासाला ते चार वर्षांत एकदाही दिसलं नव्हतं, कारण बापाच्या ताटातले वाटाणे पोर निमूट गिळत होती.

लिसान्द्रो ताट हातात धरून उभा होता, खात नव्हता.

"खा रे," निकोलासा म्हणाली. "खा, आणि तुझ्या साहेबांना सांग, या वेळी कसला भात खाल्लास ते. मी येते सोमवारी यादिराबरोबर. काय विचारायचं ते मला विचारा म्हणावं."

"काकू, मी..."

"गार होतोय. खा."

तो खायला लागला. डोळ्यांतलं पाणी भातात पडत होतं, तरी खात होता.

ऊन कलायच्या आत माणसं पांगली. जाताना प्रत्येक जण निकोलासाचा हात हातात घेऊन गेला. प्रार्थनेच्या घरी साखर, कॉफी, मेणबत्त्या न्यायची रीत, पण त्या कोणी आणल्या नव्हत्या, आज प्रार्थना होणार हे कुणाला ठाऊकच नव्हतं. मग चेपिता घरी जाऊन साखर घेऊन परत आली, तिच्यामागून आणखी दोघी-तिघी आल्या, आणि टेबलावर कागदी पुड्यांचा ढीग झाला. फुगे मागच्या दोरीला तसेच हलत राहिले. ते काढायची आठवण कुणाला झाली नाही.

अंगणात तिघीच उरल्या. निकोलासाने पातेलं चुलीवरून खाली घेतलं आणि कालथ्याने बूड खरवडायला घेतलं. खरवड छान निघाली होती, लालसर, कुरकुरीत, अख्खीच्या अख्खी. तिने सवयीने बशी घेतली. झाकायला दुसरी बशीही घेतली. मग ती दुसरी बशी तिने परत जागेवर ठेवली.

"ये गं इकडे," तिने सुयेनला हाक मारली. "यादिरा, तूही ये."

तिने खरवडीचे दोन तुकडे केले, एक पोरीच्या हातात दिला, एक सुनेच्या. दोघी तिच्यासमोर पाटावर बसल्या. कुरूम कुरूम आवाज येऊ लागला.

"तिकडेही मिळते म्हणे ही," निकोलासा सुयेनला म्हणाली. "तुझी आई सांगत होती. भात कसला का असेना, ससा घालोत, नाहीतर हत्ती घालोत. खरवड निघाली की मागून घ्यायची. लाजायचं नाही. आणि गरम गरम खायची. कुणासाठी झाकून ठेवायची नाही."

"तुझ्यासाठी पण नाही?"

निकोलासाला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. आयुष्यभर कुणी तिच्यासाठी खरवड झाकून ठेवली नव्हती.

"माझ्यासाठी पण नाही," ती म्हणाली. "मला इथे माझी आहे."

यादिराने हातातला तुकडा खाली ठेवला आणि सासूच्या खांद्यावर डोकं टेकलं. निकोलासाने तिला थोडा वेळ तसं राहू दिलं. मग म्हणाली, "जा, पोरीचे हात धुव. तेलकट झालेत. आई आहेस ना तिची?"

त्या दोघी आत गेल्या. आतून पोरीचा आवाज आला, काहीतरी विचारत होती, आणि यादिरा उत्तर देत होती. निकोलासा पातेल्यापाशी एकटी बसली. ते अजून कोमट होतं. तिने त्यात पाणी ओतलं. पाणीही कोमट झालं. मग ज्या हाताने एकेकाळी त्यात बसलेल्या तान्ह्याची पाठ चोळली होती, त्याच हाताने तिने ते आतून हळूहळू धुवायला घेतलं, सगळीकडून, कडेकडेने. तेव्हा कुठे ती रडली.